आधी सत्कार, मग मुलं

आमच्या घरात माणसांना बसायला जागा नसायची, कारण बाहेरच्या खोलीत संस्था राहायला होती. नाशिकच्या सिडकोतलं ते घर म्हणजे दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत लोखंडी कपाट, टेबल, टेबलावर फोन, कोपऱ्यात गुंडाळून उभे केलेले कापडी फलक आणि पत्रकांनी भरलेली खोकी. खोक्यांवर सोलापुरी चादर टाकली की त्यांचीच बैठक व्हायची. पाटबंधारे खात्यातून दमून आलेले बाबा त्या बैठकीवर बसून मोजे काढायचे आणि त्यांच्या खाली 'मुलांचे ऐका' असं छापलेल्या पत्रकांचा ढीग दबत राहायचा. लहान मुलांवर होणाऱ्या अत्याचारांपासून त्यांचं रक्षण करायचं, यासाठी ती संस्था काढलेली होती. आई तिची सचिव होती. सचिव म्हणजे पत्रं लिहायची, गावोगाव जायचं, आलेल्या-गेलेल्याला चहा करायचा आणि कप विसळायचे. अध्यक्ष होते वसंतराव. ते बँकेतून निवृत्त झालेले होते आणि अध्यक्ष म्हणजे काय करायचं, हे त्यांना उपजतच माहीत होतं.

मी तेव्हा अकरावीत होते आणि मला सगळ्यांचाच राग यायचा. तो वयाचा दोष आहे, असं आई म्हणायची. आता ते वय केव्हाच मागे पडलं, गुडघे बोलायला लागले, तरी त्या मंडळींचा राग काही गेलेला नाही. तेव्हा दोष वयाचा नसावा.

घरातला सगळ्यात मानाचा आवाज फोनचा होता. तो वाजला की जो जवळ असेल त्याने हातातलं टाकून धावायचं आणि 'हॅलो' न म्हणता 'बोल बाळा' म्हणायचं, असा आईचा नियम होता. कारण फोन एखाद्या घाबरलेल्या मुलाचा असू शकतो आणि परका, करडा आवाज ऐकला तर ते मूल फोन ठेवून देईल. नियम चांगलाच होता. फक्त मुलांचे फोन जवळजवळ यायचेच नाहीत. यायचे ते वसंतरावांचे. मी मुद्दाम गोड आवाजात 'बोल बाळा' म्हणायचे आणि पलीकडून थोडा वेळ नुसतं खाकरणं ऐकू यायचं. आमचा नंबर नाशिकच्या शाळांच्या आणि त्र्यंबक, हरसूलकडच्या वसतिगृहांच्या भिंतींवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता. 'त्रास होतोय? फोन करा.' रंगवताना कोणाच्या डोक्यात आलं नाही की त्या वसतिगृहांत फोन असेल तर तो एकच, अधीक्षकांच्या खोलीत, आणि त्याच्या तबकडीला छोटं कुलूप.

वसंतरावांचं एक तत्त्व होतं. ते म्हणायचे, "संस्था म्हणजे संबंध. आधी माणसं जोडा, मग मुलांपर्यंत पोचता येतं." त्यामुळे कुठेही कार्यक्रमाला गेलं की पहिलं काम गावातल्या मोठ्या माणसाचा सत्कार. सरपंच, मुख्याध्यापक, वसतिगृहाचे चालक, जो कोणी दार उघडणारा असेल त्याला शाल, नारळ आणि गुलाबाचं फूल. रविवार कारंजाच्या बाजारातून शालींचा गठ्ठा यायचा आणि आमच्या कपाटात, आईच्या दोन बऱ्या साड्यांच्या डोक्यावर बसायचा. डांबरगोळ्यांचा वास त्या साड्यांना कायमचा लागला. सत्कार झाला की सत्कारमूर्तींच्या खोलीत चहा आणि पोहे, आणि पोहे संपले की मग मुलं. मुलांशी बोलायला वसंतरावांना एकच वाक्य येत होतं, "कितवीत आहेस?" उत्तर मिळायच्या आत ते पुढच्या मुलाकडे गेलेले असायचे.

आईचं काम मात्र खरं होतं, हे मला रागातही कबूल करावं लागायचं. ती आधी बालवाडीत शिकवायची. तिने जुन्या पातळाची एक मोठी बाहुली शिवली होती, तिचं नाव ठकी. ठकीला मांडीवर घेऊन आई मुलांना विचारायची, हिला कुठे हात लावलेला आवडत नाही, हिने कोणाला सांगावं, सांगायला भीती वाटली तर काय करावं. मुलं आधी हसायची, मग हळूहळू गप्प होऊन ऐकायला लागायची. त्या काळात असलं बोलणं म्हणजे भलतंच धाडस. बायका तोंडावर पदर घ्यायच्या, शिक्षक खिडकीबाहेर बघायचे. आईला ते धाडस होतं आणि तरी ती वसंतरावांपुढे मान डोलवायची, कारण परवानगीची पत्रं त्यांच्या ओळखीने मिळत होती. एवढी हुशार बाई एवढ्या मठ्ठ माणसाचं का ऐकते, हा माझ्या तेव्हाच्या आयुष्यातला मोठा प्रश्न होता.

हरसूलच्या पुढे बापूंचं वसतिगृह होतं. डोंगरातल्या पाड्यांवरच्या मुली तिथे राहून शाळेला जायच्या. बापू म्हणजे पांढरा सदरा, हळू बोलणं, चालताना मागे बांधलेले हात. मुली येता-जाता त्यांच्या पाया पडायच्या. वसंतराव तर त्यांच्यावर लट्टूच होते. "असा निःस्वार्थी माणूस शोधून सापडायचा नाही," असं ते गाडीत आम्हाला जाता-येता दोन्ही वेळा सांगायचे. तिथल्या एका कार्यक्रमाला मीही गेले होते, ठकीची पिशवी धरायला. आधी सत्कार. बापू नको नको म्हणत वाकले, आईने त्यांच्या खांद्यावर शाल घातली, फोटोवाल्याने "ताई, इकडे बघा" म्हणून तिला हसायला लावलं. मग पोहे. मग मुली पटांगणात बसल्या आणि बापू त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसले, शाल तशीच अंगावर. आईने ठकीचं सगळं सांगून झाल्यावर नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला, "तुम्हाला कोणी त्रास दिला, तर कोणाला सांगाल?" सगळ्या मुली एका सुरात म्हणाल्या, "बापूंनाऽऽ." वसंतरावांनी टाळ्या वाजवल्या. आईला किंचित खटकलं असावं, कारण तिने ठकी पिशवीत घालताना तो प्रश्न पुन्हा एकदा, वेगळ्या शब्दांत विचारला. उत्तर तेच आलं. तो फोटो चौकटीत बसवून आमच्या बाहेरच्या खोलीत, फोनच्या बरोबर वर टांगला गेला.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सोमीबाई हिराला घेऊन आमच्या दारात आली. सोमीबाई हरसूलकडच्या एका पाड्यावरची, आईच्या ओळखीची. भाताची कापणी आटोपली की ती आणि तिचा नवरा दिंडोरीकडे द्राक्षांच्या मळ्यात कामाला यायचे आणि मळ्यातच पत्र्याच्या खोपटात राहायचे. हिरा त्यांची मोठी मुलगी, सहावीतली, बापूंच्या वसतिगृहात राहणारी. "ताई, पोरीला सुट्टीपुरती ठेवा," सोमीबाई म्हणाली. "मळ्यात औषध मारतेत, तिला लय खोकला व्हतो. वसतिगृह उघडलं का मी यून घिऊन जाईन." आईने हो म्हटलं. हिरा दारातच उभी होती. तिने बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं, भिंतीकडे बघितलं आणि सरळ आत स्वयंपाकघरात जाऊन सिलिंडरच्या बाजूला बसली. आईला वाटलं, मुलगी बुजरी आहे.

दिवाळीचं घर म्हणजे तळणाचा वास आणि आईची चिडचिड. हिराने आल्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर ताब्यात घेतल्यासारखं केलं. चिवड्याचे पोहे चाळून दे, खोबऱ्याचे काप कर, भांडी घासायला पळ. आईने तिच्यासाठी नागलीचं पीठ आणलं. तिला माझ्या भाकऱ्या बघून हसू आवरायचं नाही, ती माझ्या हातातून पीठ काढून घ्यायची. हसली की तिच्या गालाला एका बाजूलाच खळी पडायची. पण बाहेरच्या खोलीत ती येत नसे. टीव्ही लावला तरी नाही, बाबांनी अंगणात लावायला फुलबाज्या आणल्या तेव्हाही ती मागच्या दाराने वळसा घालून अंगणात गेली. वसतिगृहाचं नाव निघालं की तिच्या पोटात दुखायचं. आई डॉक्टरकडे घेऊन गेली, त्यांनी जंताच्या गोळ्या दिल्या. मग आईने ठकी काढली. हिराने ठकीला मांडीवर घेतलं, तिच्या केसांची नीट वेणी घातली आणि काहीएक न बोलता परत दिली.

आमच्या घरात त्या दिवसांत जो येईल तो हिराला काय होतंय ते विचारून जायचा. संस्थेच्या खजिनदारबाई आल्या, त्यांनी तिला जवळ घेऊन "घाबरू नकोस, आपल्याला सगळं सांगता येतं" असं एवढ्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. वसंतराव आले, त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून "कितवीत आहेस?" विचारलं. हे सगळे मुलांचं ऐकण्यात तज्ज्ञ. पत्रकं छापलेली, चर्चासत्रं झालेली. आज विचार करते तेव्हाही मला तज्ज्ञ या शब्दाचा वास येतो तो त्या डांबरगोळ्यांचाच.

सुट्टी संपत आली होती आणि दिवाळीचे शंकरपाळेही, म्हणून आम्ही दोघी नवे कापत बसलो होतो. मी लाटत होते आणि हिरा कातण फिरवत होती. आई बाजारात गेलेली. बाहेर फोन वाजला, मी उठून 'बोल बाळा' म्हटलं, वसंतराव होते, निरोप घेतला आणि परत येऊन बसले. हिरा कातण हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"ताई, तुमी फोनवर असं का बोलता?"

मी सांगितलं, की हा फोन मुलांसाठी आहे. कोणाला कोणी त्रास देत असेल तर त्याने आम्हाला सांगावं, आम्ही मदत करतो.

"मंग तुमच्या आईनं त्याला शाल का घातली?"

मला आधी कळलंच नाही. तिने मानेने बाहेरच्या खोलीकडे दाखवलं. आणि माझ्याकडे न बघता, कणकेवर रेघा मारत ती म्हणाली, "मला वाटलं, तुमी त्याच्याच मान्सं. आमच्या वसतिगृहात समद्या पोरींना तेच वाटतं. पोरी म्हनतेत, नाशिकच्या बायका येतेत, त्याच्याकडं चहा पितेत, त्याला शाल देतेत. मंग आमाला इचारतेत." त्यानंतर ती बोलली ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. ती रडली नाही. कढईतलं तेल तापून धुरायला लागलं तेव्हा तिनेच उठून गॅस बारीक केला.

आई आली तेव्हा मी तिला मोरीत नेऊन नळ सोडून सगळं सांगितलं. आई तिथेच खाली बसली, ओल्यात. तिच्या हातात पिशवी तशीच होती आणि तिच्यातली कोथिंबीर भिजत होती. मला तिच्यावर ओरडायचं होतं, आणि ओरडले नाही, कारण तिचा चेहराच तसा झाला होता. मग तिने तोंड धुतलं, बाहेर जाऊन तो फोटो उतरवला आणि वसंतरावांना फोन केला. माझ्या आईने आयुष्यात केलेली ती सगळ्यात अस्सल सरकारी चूक. संस्थेला कळवलं पाहिजे, असा तिचा शिरस्ता होता. वसंतराव फोनवर म्हणाले, "शांत राहा. पोलीस वगैरे काही नको. संस्थेचं नाव आहे. उद्या आपण तुमच्याकडेच बैठक घेऊ, मी बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. बाबांनी दार उघडलं. वसंतराव उभे होते आणि त्यांच्या मागे, पांढऱ्या सदऱ्यात, हातात नागलीच्या पापडांची पिशवी घेतलेले बापू. "दोन्ही बाजू ऐकायला हव्यात ना," वसंतराव प्रसन्नपणे म्हणाले. "मुलीला समोर बसवू, बापूही बसतील, काय गैरसमज असेल तो समोरासमोर दूर होईल." हा माणूस मुलांच्या संरक्षणावर भाषणं द्यायचा. ज्या घरात एक मुलगी लपून बसली आहे त्या घराचा पत्ता त्याने, ज्याच्यापासून ती लपली आहे त्याला, स्वतःच्या गाडीतून आणून दाखवला. आणि त्यात काही चुकतंय असं त्याला मरेपर्यंत वाटलं नाही.

"काय ताई, फराळ झाला का?" बापूंचा तो हळू, मऊ आवाज आत आला. मी स्वयंपाकघरात हिराजवळ होते. ती सिलिंडर आणि भिंत यांच्या मधल्या सांदीत शिरली. त्या सांदीत आमची केरसुणी ठेवायची, एवढीच ती जागा. तिने गुडघे पोटाशी घेतले आणि स्वतःचं तोंड स्वतःच्या हाताने दाबून धरलं. मी तिला हाक मारली तर तिला ऐकूही येत नव्हतं. आई पाणी न्यायला आत आली होती, पाहुण्याला पाणी द्यायची सवय. तिने हिराला बघितलं. पेला ओट्यावर ठेवला आणि ती बाहेर गेली.

"तिचं सांगून झालंय, वसंतराव," आई म्हणाली. "मी ऐकलंय. आता कोणासमोर बसायची गरज नाही."

"अहो पण पुरावा? एका मुलीच्या बोलण्यावर एवढ्या मोठ्या माणसाला..."

"आपण जिथे जातो तिथे मुलांना काय सांगतो? तुम्ही सांगा, आम्ही विश्वास ठेवू. मग ते खोटंच सांगत होतो का आपण?"

बापूंनी पिशवी पुढे केली आणि म्हणाले, "ताई, मुलं आहेत, चित्रपट बघतात, काहीबाही बोलतात. मी रागावणार नाही तिच्यावर. उद्या तिला पाठवून द्या." मला वाटतं, त्या 'पाठवून द्या'ने बाबांना काहीतरी झालं. बाबा आयुष्यभर कोणाला मोठ्या आवाजात बोलले नव्हते, साहेब नसतानाही साहेबांच्या खुर्चीला वळसा घालून जाणारा माणूस. ते दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडे बसायला जागा नाही. निघा." वसंतराव काहीतरी बोलत होते. बाबांनी दार त्यांच्या तोंडावर लावलं आणि कडी घातली. त्या दिवशी मला माझ्या बापाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कधी कोणाचा वाटला नाही.

बाबा लगेच स्कूटर काढून दिंडोरीकडे गेले आणि सोमीबाईला घेऊन आले. तिला आईनेच सांगितलं. सोमीबाईने हिराला सांदीतून बाहेर काढलं, तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि बराच वेळ तिच्या केसांत बोटं फिरवत राहिली. मग उठली आणि म्हणाली, "कुठं जायचं? चला." पोलीस ठाण्यात आम्हाला बाकावर बसवून ठेवलं. एका हवालदाराने आईला विचारलं, तुम्ही कोण? आई नेहमी अशा वेळी संस्थेचं नाव आणि आपलं पद सांगायची. त्या दिवशी म्हणाली, "मी हिच्या आईबरोबर आलेय." महिला पोलीस आली, तिने हिराला आत नेलं, सोबत सोमीबाईला बसू दिलं. तक्रार लिहून झाली. साहेब म्हणाले, कागद हरसूलला जातील, एक-दोन दिवसांत माणसं जाऊन चौकशी करतील.

"एक-दोन दिवसांत?" सोमीबाई म्हणाली. "साहेब, उद्या बाजार हाय."

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. मलाही नाही. बाहेर आल्यावर सोमीबाईने सांगितलं. सुट्टी संपल्यावर वसतिगृह बाजाराच्या दिवशी उघडतं. डोंगरावरच्या बायका बाजाराला उतरतात, येताना पोरींना ट्रंकेसकट वसतिगृहात सोडतात, बाजार करतात आणि बऱ्याच जणी तिथूनच गाडी धरून मळ्यात कामाला निघतात. मग होळीपर्यंत त्या परत येत नाहीत. म्हणजे उद्या सगळ्या मुली बापूंच्या दारात जाऊन पडणार आणि त्यांच्या आया निघून जाणार. आम्ही सगळे एका हिराला वाचवण्यात एवढे गर्क होतो की बाकीच्या मुली कोणाच्या लक्षातच आल्या नव्हत्या. त्या सोमीबाईच्या लक्षात होत्या.

इथे थोडं पुढचं सांगून टाकते, म्हणजे ते मनातून जाईल. बापूंना नंतर पकडलं, जामिनावर सोडलं, खटला वर्षानुवर्षं रेंगाळला, शेवटी शिक्षा झाली, ती आम्हाला वाटली होती त्याहून कमी. संस्थेने आईला 'अध्यक्षांशी विचारविनिमय न करता' पाऊल उचलल्याबद्दल सचिवपदावरून काढलं आणि पत्रकांची खोकी, कपाट, शाली असं सगळं टेम्पोत घालून नेलं. पुढच्या वार्षिक सभेत वसंतरावांनी, एका मुलीला आपल्या संस्थेने कसं वाचवलं, ते डोळ्यांत पाणी आणून सांगितलं म्हणे. त्या सभेत त्यांचा सत्कार झाला. मी नव्हते, बरं झालं. बाबांना मात्र मोजे काढायला खरी खुर्ची मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई, सोमीबाई आणि मी एसटीने निघालो. हिराजवळ शेजारच्या काकू आणि रजा टाकून थांबलेले बाबा होते. त्र्यंबक सोडल्यावर गाडीत बायका चढायला लागल्या, कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या हातात पत्र्याची ट्रंक, बाजूला केसांना भरपूर तेल लावलेली एखादी मुलगी. हरसूलचा बाजार भरलेला होता, सुकट, मीठ, बांगड्या, नागली, नवी घमेली. बांगड्यांच्या पालापाशी बऱ्याच बायका टेकल्या होत्या. आईने पुढे होऊन बोलायला सुरुवात केली. "बायांनो, बालकांवर होणारे अत्याचार हा एक गंभीर विषय आहे..." इतक्या वर्षांची सवय. बायका मान खाली घालून बांगड्या चाचपायला लागल्या. कार्यक्रम सुरू झाला आहे हे त्यांना कळलं होतं.

सोमीबाईने आईच्या दंडाला धरून तिला बाजूला केलं. "तुमी गप ऱ्हावा, ताई." आणि मग ती अशी बोलली की पलीकडचा सुकटवाला वजन करायचा थांबला. "आयांनो, त्या बापूकडं पोरी ठेवू नका. त्यानं माझ्या पोरीला त्रास दिला. मी तिची आय सांगती, ऐकीव नाय. काल पोलिसात लिहून दिलं. तो साधू नाय, पोरींच्या मुळावर आलेला हाय."

एक बाई म्हणाली, "शाळा बुडंल की गं."

"बुडंल," सोमीबाई म्हणाली. "माझीची बी बुडंल. तिला मळ्यात नेईन, खोकला झाला तं होऊ दे. पन तिथं नाय ठेवायची."

मग एका म्हातारीने आपल्या नातीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "आमची बी लय रडत व्हती सकाळी. नको नको म्हनत व्हती. मी तिच्या पाठीत धपाटा घातला." तिच्या शेजारची म्हणाली, "आमची पोट दुखतंय म्हनायची." आणखी एकीने नुसती मान हलवली आणि उठली. त्यातल्या काही जणींनी आपल्या मुली सकाळीच सोडलेल्या होत्या. त्या सगळ्यात आधी उठल्या.

आम्ही वसतिगृहावर पोचलो तेव्हा बापू तिथे नव्हते, वसंतरावांनी त्यांना सावध केलं असणार. स्वयंपाकीणबाई फाटकात आडवी आली. बापूंच्या परवानगीशिवाय मुली सोडता येत नाहीत, असं ती सांगत होती. सोमीबाईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, फाटक ढकललं आणि आत गेली, तिच्या मागे बाकीच्या. आई फाटकापाशीच थांबली. मी तिला आत चल म्हटलं तर ती म्हणाली, "नको. मुलींनी मला इथे त्याच्याबरोबर पाहिलंय."

मुली ओसरीवर होत्या. आया येताना दिसल्यावर त्या आधी उभ्या राहिल्या, मग काय झालं हे न कळून एकमेकींकडे बघायला लागल्या. मी तिथे होते म्हणून सांगू शकते. आमच्या संस्थेने मुलांना काय विचारावं, कसं विचारावं, यावर इतकी पत्रकं छापली होती, आणि त्या दिवशी त्या ओसरीवर एकाही आईने आपल्या मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. प्रत्येकीने ट्रंक उचलून डोक्यावर घेतली, मुलीचा हात धरला आणि तिला घेऊन बाहेर आली.